डाइव्ह कॉम्प्युटरची बॅटरी समुद्रात संपते की कपाटात?

मासोळी_नौपाडा

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात नौपाड्यात राहते, बँकेत नोकरी करते आणि वर्षातून जेमतेम दोनदा समुद्रात उतरते. एकदा अंदमानात आणि एकदा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला किंवा मालवणला, असे मिळून दहा-बारा डाइव्ह माझ्या वाट्याला येतात. चार वर्षांपूर्वी मी मनगटावर बांधायचा एक साधा डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे पाण्याखाली खोली आणि तिथे किती वेळ राहता येईल हे दाखवणारे यंत्र, घेतला. त्यात सीआर२४३० हा चपटा गोल सेल बसतो. दुकानदाराने सांगितले होते की माझ्यासारख्या हौशी माणसाला एक सेल दोन वर्षे सहज पुरेल.

गेल्या फेब्रुवारीत अंदमानातल्या स्वराज द्वीपला (पूर्वीचे हॅवलॉक) दुसऱ्या दिवशीच्या पहिल्याच डाइव्हमध्ये, सोळा मीटर खोलीवर, त्याचा पडदा आधी फिका पडला, मग आकड्यांच्या काही रेघा गायब झाल्या आणि नीट दिसावे म्हणून मी दिव्याचे बटण दाबले तसा तो पूर्ण कोरा झाला. सोबतच्या गाईडला मनगट दाखवले. त्याने अंगठा वर केला, म्हणजे ‘वर चला’ अशी खूण केली, आम्ही सावकाश वर आलो, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबलो आणि माझी त्या दिवसाची मजा तिथेच संपली, कारण त्याने मला पुढचे चोवीस तास पाण्यात उतरू दिले नाही. बाकीची मंडळी कासव पाहून आली आणि मी होडीत बसून ग्लुकोजची बिस्किटे खाल्ली.

हा सेल जेमतेम चौदा महिन्यांपूर्वी बदललेला होता आणि ठाण्याहून निघताना पडद्यावरचे बॅटरीचे चिन्ह पूर्ण भरलेले होते. माझे प्रश्न दोन आहेत. पहिला, चौदा महिन्यांत मोजून अकरा डाइव्ह केलेल्या यंत्राचा सेल संपला कुठे? दुसरा, आता हाच कॉम्प्युटर सांभाळावा की चार्ज करता येणारा नवा घ्यावा?

घोडबंदरचा_प्रवासी

ताई, सेल नक्कीच घोडबंदर रस्त्यावर संपला असणार. तिथे माझे सगळेच संपते.

ऐरोली_मल्टिमीटर

मी रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात आहे. डाइव्हिंग तीनच वर्षे करतो आहे, परंतु सेलशी ओळख जुनी आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

बॅटरीच्या चिन्हावर विश्वास ठेवणे ही पहिली चूक. हे लिथियम-मँगनीज डायऑक्साइडचे सेल असतात आणि त्यांचा स्वभाव असा की बहुतेक आयुष्यभर ते तीन व्होल्टच्या आसपास दाखवत राहतात आणि अगदी शेवटी एकदम कोसळतात. यंत्र केवळ व्होल्टेज पाहून चिन्ह काढते, त्यामुळे सत्तर टक्के रिकामा सेलही भरलेला दिसू शकतो. शिवाय सेल जुना होतो तसा त्याचा अंतर्गत रोध वाढतो. म्हणजे नुसते आकडे दाखवण्याइतका अल्प प्रवाह तो देतो, पण दिवा लावला किंवा भोंगा वाजला की लागणारा जास्त प्रवाह त्याला झेपत नाही, व्होल्टेज खाली बसते आणि यंत्र बंद पडते. तुम्ही दिव्याचे बटण दाबलेत त्याच क्षणी पडदा कोरा झाला, हे अगदी पाठ्यपुस्तकी लक्षण आहे. घरी मल्टिमीटर लावून सेल तपासणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे: भार न देता मोजलेले तीन व्होल्ट फारसे काही सांगत नाहीत.

आता सेल गेला कुठे, याचा हिशेब मांडू. सीआर२४३० ची क्षमता तीनशे मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. समजा, झोपलेले यंत्र पाच मायक्रोअँपिअर घेते. वर्षाचे ८,७६० तास धरले तर सुमारे ४४ मिलिअँपिअर-तास झाले, म्हणजे सहा-सात वर्षे पुरायला हरकत नाही. पण तेच यंत्र जागे राहून दोनशे मायक्रोअँपिअर घेऊ लागले, तर एका महिन्यात १४४ म्हणजे जवळजवळ अर्धा सेल फस्त. आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत, परंतु प्रमाण लक्षात यावे. तुमचा सेल अकरा डाइव्हनी खाल्लेला नाही. तुमचे यंत्र कपाटात जागे होते.

एक सांगा, सहलीहून परत आल्यावर ते कुठे आणि कसे ठेवले होते?

मासोळी_नौपाडा

सांगायला संकोच वाटतो. गेल्या वर्षी मे महिन्यात मालवणहून आल्यावर तो पोहण्याच्या ओल्या कपड्यांसोबत बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात तसाच राहिला. कपडे मी दुसऱ्या दिवशी धुतले, कॉम्प्युटर मात्र थेट जूनच्या अखेरीस आठवला, तोवर पावसाने कपाटातल्या चामडी पट्ट्यालाही बुरशी धरली होती. बाहेर काढला तेव्हा पडद्यावर ‘एसी’ अशी दोन अक्षरे होती. मी पुसला, अक्षरे गेली, मी विसरले.

घोडबंदरचा_प्रवासी

समुद्राखाली वातानुकूलनाची सोय आहे हे मला ठाऊक नव्हते. आता मी शिकायला तयार आहे.

मालवणी_खाजा

ताई, गुन्हेगार सापडला. मी मूळचा मालवणचा, सध्या खारघरला असतो आणि हंगामात गावी जाऊन पर्यटकांना डाइव्हला नेतो, म्हणून हे दर वर्षी पाहतो. अशा यंत्राच्या अंगावर धातूचे दोन-तीन छोटे ठिपके असतात. त्यांच्यामध्ये पाणी आले की वीज वाहते, यंत्राला कळते की आपण पाण्यात आहोत, आणि ते आपोआप चालू होते. ‘एसी’ म्हणजे हे संपर्कबिंदू ओले असल्याची खूण. खारे पाणी वाळले तरी मीठ मागे उरते आणि मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. ठाण्यातल्या जूनच्या हवेत त्या मिठाला समुद्राची गरजच नाही. तुमचा कॉम्प्युटर पाच आठवडे समजत होता की बाई पाण्यात आहेत.

उपाय सोपा आहे. डाइव्ह झाल्यावर होडीवर गोड्या पाण्याची बादली असते, तिच्यात तो बुडवावा, पण बादलीत तासन् तास ठेवून द्यायचा नाही, कारण तिथेही तो जागाच राहतो. घरी आल्यावर कोमट पाण्यात पुन्हा धुऊन, संपर्कबिंदूंवर जुना मऊ दातांचा ब्रश फिरवून, फडक्याने टिपून, पंख्याखाली एक रात्र ठेवावा. पडदा स्वतःहून विझला याची खात्री झाल्याशिवाय डब्यात घालू नये. डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी. आमच्याकडे भाड्याने देण्याचे कॉम्प्युटर पावसाळ्यात चार महिने असेच झोपतात आणि ऑक्टोबरमध्ये व्यवस्थित उठतात.

वाशी_सेक्टर१७

हा सगळा उपद्व्याप कशाला? चार्ज होणारा घ्या आणि मोकळ्या व्हा. माझा शियरवॉटर पेरेग्रिन आहे. तो वायरशिवाय तबकडीवर ठेवून चार्ज होतो, त्याला सेलचे झाकणच नाही, त्यामुळे ओ-रिंगची, म्हणजे झाकणातून पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कड्याची, काळजी नाही, आणि रंगीत पडद्यावरचे आकडे चष्म्याशिवाय वाचता येतात. मध्यम प्रकाशावर सुमारे तीस तास चालतो, म्हणजे रोज तीन डाइव्ह केले तरी आठवड्याची सहल निघते. सेल बदलण्याचा काळ गेला.

जुना_पाणबुड्या

वाशीकर, काळ गेला म्हणता, परंतु तुमच्या यंत्रातली बॅटरी म्हातारी झाली की तुम्ही काय करणार, हे नाही सांगितलेत. ती तुम्हांला बदलता येत नाही, यंत्र दुरुस्तीला पाठवावे लागते. मासोळीताईंचा सेल दुकानात मिळतो आणि रुपयाच्या नाण्याने झाकण उघडते.

मी बेलापूरला राहतो. आयुष्यभर बंदरांत पाण्याखाली वेल्डिंग आणि तपासणी केली, आता निवृत्त आहे. आमच्या तरुणपणी मनगटावर घड्याळ, खोलीमापक आणि कोणत्या खोलीवर जास्तीत जास्त किती वेळ राहता येते याचा प्लास्टिकच्या पाटीवर छापलेला तक्ता एवढेच असे. अठरा मीटरवर छप्पन्न मिनिटे, तीस मीटरवर वीस मिनिटे, हे मनोरंजनासाठी डाइव्ह करणाऱ्यांच्या प्रचलित तक्त्यातले आकडे मला आजही झोपेत विचारले तरी सांगता येतील. तक्त्याची बॅटरी कधी संपत नाही. आणि हे सगळे तक्ते ज्याच्यापासून सुरू झाले त्या जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १९०८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले तेव्हा त्यांनी प्रयोग केले होते बकऱ्यांवर.

घोडबंदरचा_प्रवासी

म्हणजे आपण सगळे बकऱ्यांच्या पुण्याईवर तरंगतो आहोत. रविवारच्या मटणाकडे आता वेगळ्या नजरेने पाहावे लागेल.

कळव्याचा_डॉक्टर

काकांच्या अनुभवाचा आदर ठेवून एक गोष्ट नोंदवतो. तक्ता असे धरून चालतो की तुम्ही संपूर्ण वेळ सर्वांत जास्त खोलीवरच होता. कॉम्प्युटर मात्र काही सेकंदांच्या अंतराने खोली मोजून श्वासातल्या हवेतला किती नायट्रोजन शरीरात विरघळला आणि किती बाहेर पडला याचा चालू हिशेब ठेवतो, कारण तो जास्त साठलेला असताना वर आलात तर त्याचे बुडबुडे होऊन इजा होते. पुष्कळ यंत्रांत स्वित्झर्लंडच्या ब्यूलमान यांची पद्धत वापरतात, जिच्यात शरीराचे सोळा काल्पनिक कप्पे धरले जातात, काही कप्पे झटकन भरणारे, काही तासन् तास घेणारे. अंदमानात दिवसाला तीन डाइव्ह, प्रत्येकाची खोली वरखाली, असा कार्यक्रम असतो, तेव्हा हा हिशेब पाटीवर करणे अवघड जाते.

म्हणूनच मला सेल संपण्यापेक्षा सेल *बदलण्याची* जास्त धास्ती वाटते. सेल बदलल्यावर काही यंत्रे मागचा हिशेब जपतात, काही तो पुसून टाकतात. हिशेब पुसला गेला की त्या यंत्राच्या लेखी तुम्ही आज सकाळपर्यंत कोरड्या जमिनीवर होता. तुमच्या रक्तातला आणि चरबीतला नायट्रोजन मात्र तिथेच असतो. असे यंत्र घालून त्याच दिवशी पुन्हा उतरलात तर ते तुम्हांला भरमसाट वेळ देईल आणि तो वेळ खोटा असेल. तुमच्या गाईडने चोवीस तास थांबवले ते योग्यच केले. आपल्या यंत्राची रीत कोणती, हे हस्तपुस्तिकेत सहलीपूर्वीच वाचून ठेवावे, आणि संशय असल्यास सहल संपेपर्यंत झाकणाला हात लावू नये.

विमानाचेही तेच. डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्हिंगच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेची शिफारस अशी आहे की वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागत नाहीत अशा एकाच डाइव्हनंतर निदान बारा तास आणि अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवसांच्या डाइव्हनंतर निदान अठरा तास विमानप्रवास टाळावा. नुकताच सेल बदललेले यंत्र ‘उडू नका’ असे चिन्ह दाखवणार नाही, म्हणून तुम्ही उडायला मोकळे झालात असे होत नाही.

पाचपाखाडी_पामर

एक बाळबोध शंका. साथीदाराकडे कॉम्प्युटर असतोच की. माझा बंद पडला तर त्याच्या मनगटाकडे पाहून डाइव्ह पूर्ण करायला काय हरकत आहे?

जुना_पाणबुड्या

हरकत आहे. तुम्ही शेवाळ पाहायला दोन मीटर खाली गेलात आणि तो वरच तरंगत राहिला, तर त्याचा कॉम्प्युटर त्याच्या शरीराचा हिशेब सांगतो, तुमच्या नव्हे. आदल्या दिवशी तुम्ही तीन डाइव्ह केलेत आणि तो आजच विमानाने उतरला असेल तर मग विचारूच नका. साथीदाराचे यंत्र सुरक्षितपणे वर येण्यापुरते पाहावे, डाइव्ह पुढे रेटण्यासाठी नाही.

चरई_चंपू

सेल बदलण्याचा विषय निघालाच आहे तर माझी कर्मकहाणी ऐका. मी घरी धाडस नको म्हणून स्टेशनजवळच्या एका घड्याळवाल्याकडे गेलो. त्याने दोन मिनिटांत सेल बदलला, झाकण कापडाने पुसून लावले आणि तीस रुपये जास्तीचे घेतले. नेत्राणीला नऊ मीटरवर काचेच्या आतून धुके आले. वर येईपर्यंत आत पाण्याचा एक थेंब इकडून तिकडे फिरत होता, गवंड्याच्या लेव्हल-बाटलीतल्या बुडबुड्यासारखा. यंत्र तिथेच गेले. घरी येऊन झाकण उघडले तेव्हा ओ-रिंगवर एक केस आडवा पडलेला दिसला. फक्त एक केस.

ऐरोली_मल्टिमीटर

त्या घड्याळवाल्याला दोष देणे मला बरोबर वाटत नाही, कारण त्याच्याकडे येणारी घड्याळे पावसात भिजतात, समुद्रात उतरत नाहीत. समुद्रात दर दहा मीटरला एक बार दाब वाढतो. तीस मीटरवर बाहेरचा जादा दाब तीन बार असतो. झाकणाचा व्यास पंचवीस मिलिमीटर धरला तर त्यावर साधारण पंधरा किलोचा भार पडतो, म्हणजे तांदळाची दीड गोणी एका नाण्याएवढ्या जागेवर, गोणी दहा किलोची धरली तर. मौज अशी की ओ-रिंग या दाबाने आपल्या खाचेत अधिकच घट्ट बसते, त्यामुळे खराब बसलेली ओ-रिंग पुष्कळदा उथळ पाण्यातच गळते. चंपू, तुमचे नऊ मीटर त्यात बसतात.

मी कसे करतो ते लिहितो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढरा कागद पसरतो, पंखा बंद करतो आणि हात साबणाने धुतो. यंत्र आधी पूर्ण कोरडे असले पाहिजे, नाहीतर झाकण उघडताना खाचेतले पाणी आत ओघळते. नाण्याने झाकण फिरवतो. ओ-रिंग पिनेने कधीही काढत नाही, दोन बोटांनी चिमटीत दाबली की तिचा एक फुगवटा वर येतो, तो धरून काढतो. मग आईचे पंचांग वाचायचे भिंग घेऊन खाच पाहतो. सुती बोळ्याचा धागा तिथेच अडकतो, म्हणून खाच पुसायला चष्म्याचे कापड वापरतो. नवी ओ-रिंग बोटांच्या चिमटीतून हलकेच ओढून सिलिकॉन ग्रीसचा इतका पातळ थर देतो की ती फक्त चमकेल, गोळा दिसता कामा नये, कारण जादा ग्रीस धूळ पकडते. ओ-रिंगच सिलिकॉनची असेल तर सिलिकॉन ग्रीस लावू नये, ती फुगते. सेल कडेला धरून बसवतो. प्रत्येक वेळी सेलसोबत ओ-रिंगही नवी, यात काटकसर नाही.

सेल घेताना पाकिटावरची तारीख आणि नामांकित कंपनीचे नाव पाहावे. फुटपाथवर पाच रुपयांना मिळणारा सेल भिंतीवरच्या घड्याळाला शोभतो. आणि सीआर२४३० च्या जागी सीआर२४५० जात नाही. पहिले दोन आकडे व्यासाचे आणि पुढचे दोन जाडीचे असतात. २४५० पाच मिलिमीटर जाड आहे, २४३० तीन. कोणीतरी मागे झाकण दाबून बसवण्याचा पराक्रम केला होता.

पाचपाखाडी_पामर

तो कोणीतरी मीच होतो. स्मरणशक्ती चांगली आहे आपली.

कळव्याचा_डॉक्टर

विषयांतर होते आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. काढलेला जुना सेल टेबलावर पडू देऊ नका. वीस मिलिमीटर किंवा त्याहून मोठा लिथियम सेल लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर तिथे विद्युतप्रवाह सुरू होऊन दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा होते. ‘संपलेला’ सेलही त्यासाठी पुरेसा असतो. गिळल्याची शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. जुना सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्यावा.

मालवणी_खाजा

चिकटपट्टीवरून आठवले. सुटे लिथियम सेल विमानात सोबतच्या बॅगेत न्यायचे असतात, चेक-इन सामानात नाही, आणि टोके झाकलेली हवीत. श्रीविजयपुरमला (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) जाताना एकदा माझ्या ग्राहकाची अख्खी बॅग उघडली होती.

वाशी_सेक्टर१७

सगळ्यांनी मिळून माझ्या चार्ज होणाऱ्या यंत्रावर हल्ला केला असला तरी मी मागे हटत नाही. कासवे पाहायची की ओ-रिंगवरचे केस मोजायचे, हे आपण ठरवा.

ऐरोली_मल्टिमीटर

वाशीकर, हल्ला नाही. वर्षाला चाळीस-पन्नास डाइव्ह करणाऱ्याला मीही चार्ज होणारेच यंत्र सुचवीन. पण ज्याचे यंत्र वर्षातले साडेअकरा महिने कपाटात असते, त्याच्या लिथियम-आयन बॅटरीला वापराने नव्हे, तर पडून राहण्याने म्हातारपण येते. पूर्ण भरून ठेवली तरी वाईट, पूर्ण रिकामी होऊ दिली तर त्याहून वाईट. अर्धी चार्ज करून, थंड जागी ठेवून, दोन-तीन महिन्यांनी पाहावी लागते. ज्या व्यक्तीला ओला कॉम्प्युटर पाच आठवडे आठवला नाही तिला ही आठवण राहील का? ताई, रागावू नका.

मधला मार्गही आहे. शियरवॉटरच्याच पर्डिक्ससारख्या यंत्रात रिमोटमध्ये घालतो तसा एए आकाराचा सेल बसतो, तो स्वराज द्वीपच्या बाजारातही मिळतो. मात्र किंमत ऐकून घरच्यांना तुम्हीच समजवा.

मासोळी_नौपाडा

रागावले नाही, कारण उत्तर ‘नाही’ असेच आहे. चार्ज होणाऱ्या यंत्राचा विचार मी सोडला. पण नवा सेल किती दिवसांनी घालायचा? चिन्ह फसवे असेल तर काहीतरी निश्चित मुहूर्त हवा.

जुना_पाणबुड्या

मुहूर्त आहे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र बंद असतो आणि हंगाम उघडतो तो साधारण नवरात्राच्या सुमारास. आम्ही बंदरात खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा करायचो, शिरस्त्राण, होस, चाकू, सगळे धुऊन पुसून पाटावर मांडायचे. मी अजून करतो. त्या दिवशी माझ्या खोलीमापकाची ओ-रिंग बदलतो. तुम्ही सेल बदला, जुना चांगला असला तरी बदला. झाकणाच्या आत पेन्सिलीने तारीख लिहिलेला कागदाचा कपटा ठेवू नका, आत ओलावा धरतो, तारीख डाइव्हच्या वहीत लिहा.

चरई_चंपू

दर वर्षी चांगला सेल फेकणे मनाला पटत नाही.

मालवणी_खाजा

फेकू नका, टीव्हीच्या रिमोटला... नाही, तिथे हा बसत नाही. वजनकाट्याला बसत असेल तर पाहा. पण पाच मीटरवर कोऱ्या पडद्याकडे पाहत मनात एक-दोन-तीन मोजण्यापेक्षा सेलची किंमत कमीच आहे.

मासोळी_नौपाडा

मंडळी, खंडेनवमी झाली. संपर्कबिंदू ब्रशने घासले तेव्हा एका ठिपक्याभोवती पांढरट कड होती, ती कोमट पाण्यात दुसऱ्या प्रयत्नात निघाली. सेल आणि ओ-रिंग दोन्ही नवीन घातले. ग्रीस पहिल्यांदा जास्त झाले, पुसून पुन्हा लावले. झाकणावरची खूण खुणेला जुळली. मग बादलीत अर्धा तास बुडवून ठेवला, पडदा जागा झाला, ‘एसी’ दिसले, आत धुके आले नाही, बाहेर काढून पुसल्यावर थोड्या वेळाने तो स्वतःहून विझला. हस्तपुस्तिकाही वाचली. माझे यंत्र सेल बदलल्यावर मागचा हिशेब पुसणाऱ्यांपैकीच आहे. आईने त्यावर झेंडूचे फूल ठेवले, ते मात्र पट्ट्यावर ठेवायला लावले, काचेवर नको म्हणून.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नेत्राणीला जाते आहे. काका, आपल्याकडे जास्तीचा खोलीमापक असल्यास चार दिवसांपुरता मिळेल का? कॉम्प्युटर पुन्हा रुसलाच तर निदान वर येईपर्यंत खोली दिसत राहावी, म्हणून विचारते.

जुना_पाणबुड्या

आहे. सुईचा आहे, बॅटरी लागत नाही. बेलापूरला या, संध्याकाळी पाचनंतर घरीच असतो. तक्त्याची पाटीही देतो, परत करताना दोन्ही गोड्या पाण्याने धुऊन आणा.

मासोळी_नौपाडा

रविवारी येते. ठाण्याहून ट्रान्सहार्बरने निघाले की फोन करते.